सामाईक नळाचा धनी : मिरजगावच्या वाटेवरून भाड्याच्या खोलीचा इतिहास

भाड्याच्या घरात दोन गोष्टींचा सौदा होत असतो. एक असते छप्पर आणि दुसरी असते त्या छपराखालच्या सामाईक गोष्टींची देखरेख. छप्पर दिसते, त्याचे क्षेत्रफळ मोजता येते आणि त्याची पावती फाडता येते. देखरेख मात्र नळाला पाणी वेळेवर येते की नाही, जिन्यातला दिवा कोण लावतो, संडासाची पाळी कोण ठरवतो आणि एखाद्याचा महिना थकला तर त्याला सांभाळून घ्यायचे की त्याचे सामान बाहेर काढायचे, अशा रोजच्या प्रश्नांतूनच कळून येते. महाराष्ट्रात अनेक कुटुंबे किंवा एकटी माणसे एकाच इमारतीत पाणी, मोरी, जिना आणि अंगण वाटून घेऊन भाड्याने राहत आली आहेत. अशा घरांकडे देखरेखीच्या बाजूने पाहिले, तर देखरेख करणारा माणूस राहणाऱ्यांच्या ओळखीचा होता तेथे घर चालले, आणि भाडे व देखरेख यांची फारकत झाली तेथे ते ढासळले, असा एक धागा दीडशे वर्षांत सलग सापडतो.

या धाग्याचे एक टोक अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मिरजगावसारख्या गावाशी धरता येते. कर्जत तालुक्यातील हे बाजाराचे गाव नगरहून करमाळ्यामार्गे सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. तालुका पर्जन्यछायेत येतो, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडवल्यानंतर उरलेल्या ढगांवर त्याची भिस्त असते, आणि त्यामुळे येथील माणसाला पीक बुडाले की वाट धरण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे. मराठीत संसारासह केलेल्या मुक्कामाला बिऱ्हाड म्हणतात आणि भाडेकरू कुटुंबालाही तोच शब्द लावतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण ज्यांना स्वतःला लागू पडते अशी माणसे या पट्ट्यात कमी नाहीत. अशी वाट धरणाऱ्यांना दुसऱ्या गावी छप्पर कोणी दिले, कोणत्या अटीवर दिले आणि त्या छपराखाली त्यांना कोणी सांभाळले, हाच येथे विषय आहे.

भाड्याची खोली येण्याआधीही सामाईक मुक्कामाचे दोन नमुने या भागाच्या परिचयाचे होते. पहिला धर्मशाळेचा. मिरजगावच्या शेजारच्या जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधवल्या, आणि विसाव्या शतकात गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारून ती परंपरा लोकवर्गणीवर चालवून दाखवली. धर्मशाळेत भाडे नसते, पण मुदत असते. तेथे माणूस चार दिवसांचा पाहुणा असतो आणि चुलीची जागा, झाडलोट, पाण्याचा वापर यांचे नियम ठरवणारा धर्मशाळेचा व्यवस्थापक असतो. दुसरा नमुना दिंडीचा. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नगर ओलांडून मिरजगाववरून पुढे जाते, आणि तिच्याबरोबरच्या दिंड्यांत वारकरी जेवणखाण व मुक्काम यांसाठी जी ठरावीक वर्गणी देतात तिला भिशी म्हणतात. भिशी भरली की तंबूत जागा आणि पंगतीत पान मिळते, परंतु त्याबरोबर विणेकऱ्याचा मान राखणे, चोपदाराची शिस्त पाळणे आणि पाणी भरण्यापासून तंबू उचलण्यापर्यंतची कामे वाटून घेणे हेही आपोआप आले. पैसा, जागा आणि शिस्त एकाच हातात असण्याची ही पद्धत पुढे शहरातील खोल्यांमध्ये वेगळ्या नावाने पुन्हा दिसते.

खेड्यातून शहराकडे जाण्याचा ओघ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला, त्यामागे कर्ज आणि अवर्षण ही दोन कारणे होती. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि हा उठाव, ज्याला दख्खनचे दंगे म्हणतात, पाहता पाहता अहमदनगर जिल्ह्याच्या पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरला. त्यातून सावरण्याआधीच १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. त्या काळात दौंड ते मनमाड हा नगरवरून जाणारा लोहमार्ग बांधला जात होता, दुष्काळग्रस्तांना त्याच्या मातीकामावर मजुरी मिळाली आणि १८७८ मध्ये मार्ग खुला झाला. मिरजगाव या मार्गापासून दूरच राहिले, तरी दौंड गाठले की मुंबईची गाडी मिळते ही गोष्ट त्यानंतर दक्षिण नगरच्या माणसाला ठाऊक झाली.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांच्या कापड गिरणीचे काम १८५६ मध्ये सुरू झाले होते आणि शतक संपेपर्यंत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा परिसर गिरण्यांच्या चिमण्यांनी भरून गिरणगाव बनला. कामगारांत रत्नागिरीकडच्या कोकण्यांचा भरणा सर्वांत मोठा असला, तरी सातारा, पुणे, कोल्हापूर आणि अहमदनगर या घाटावरच्या जिल्ह्यांतूनही माणसे येत राहिली. कोकणी माणूस त्यांना घाटी म्हणे. गिरण्यांना मजूर हवे होते, पण मजुरांना घर देण्याची जबाबदारी बहुतेक गिरणीमालकांनी घेतली नाही, आणि ती पोकळी खाजगी चाळमालकाने भरून काढली.

चाळ म्हणजे ओळ. एका लांब गॅलरीला लागून ओळीने काढलेल्या खोल्यांची दोन-चार मजली इमारत असा या शब्दाचा अर्थ मुंबईत रूढ झाला. खोलीच्या कोपऱ्यात मोरी, जमल्यास वर पोटमाळा, मजल्याच्या टोकाला सामाईक नळ व संडास, आणि भाडे वसूल करायला मालकाने नेमलेला मेहता किंवा राखणीला ठेवलेला भैया, अशी तिची रचना असे. मालक बहुधा दुसरीकडे राही, आणि म्हणूनच चाळीतल्या भाडेकरूच्या दृष्टीने मालक ही व्यक्ती नसून महिन्याच्या ठरावीक तारखेला येणारी वसुली असे. भाडेही एका पायरीवर थांबत नसे. ज्याच्या नावावर खोलीची पावती असे तो मूळ भाडेकरू इतरांना जागा वाटून देई, आणि अशा रीतीने भाडेकरूच्या हाताखाली राहणाऱ्याला पोटभाडेकरू म्हणत.

या दाटीचे एक चित्र सरकारी दप्तरात राहिले आहे. मुंबई सरकारने १९२०-२२ च्या सुमारास स्त्री कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स या वैद्यकीय अधिकारी बाईंनी एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर सुमारे पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी खोली पाहिली, जिच्या जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली मांडलेल्या होत्या. प्रत्येक चूल म्हणजे एक कुटुंब, आणि मोजणी केली तेव्हा लहानमोठी मिळून तीस माणसे त्या खोलीत राहत असल्याचे निघाले. येथे भिंत नव्हती तेथे चुलीने घराची हद्द आखली होती. अशा खोलीत माणसे वर्षानुवर्षे टिकली, याचा अर्थ कोणती चूल आधी पेटवायची, धूर कोणत्या खिडकीने काढायचा, बाळंतिणीला कोणता कोपरा द्यायचा, याचे काहीएक ठरलेले असणारच. ते ठरवणारा मालक नव्हता आणि मेहताही नव्हता.

ही जागा गावाने घेतली. गिरणगावात एकाच गावच्या पुरुषांनी मिळून खोली भाड्याने घेण्याची पद्धत होती. तिला कोणी गावकीची खोली, कोणी ग्रामस्थ मंडळाची खोली, तर कोणी नुसताच गाळा म्हणे. घरची माणसे शेतावर आणि कर्ता पुरुष मुंबईत, अशा दुभंगलेल्या संसारासाठी ही सोय होती. खोलीत प्रत्येकाला एक खुंटी, एक ट्रंक आणि अंथरूण टाकण्याइतकी जमीन मिळे. गिरण्या पाळ्यांत चालत असल्याने रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन नुकताच कामावर गेलेल्याच्या जागी आडवा होई, आणि सगळेच एकदम घरी असत अशा सुटीच्या दिवशी गॅलरी, जिना आणि गच्चीही अंथरुणांनी भरून जात. भाडे वर्गणीतून भरले जाई, आणि गावात देवळाचे किंवा शाळेचे काम निघाले की पैशाची हाक याच खोलीत पोचे. नव्याने आलेल्या पोराला काम लागेपर्यंत खोली सांभाळून घेई, कारण त्याचा बाप किंवा चुलता खोलीतल्या कोणाच्या तरी ओळखीचा असे. वर्गणी बुडवून पळणाऱ्याला पकडायला कोर्टकचेरीची गरज नव्हती, त्याचे नाव गावात पोचले की पुरे. भाड्याच्या घरातील सर्वांत मोठी जोखीम, म्हणजे अनोळखी माणसावर टाकलेला विश्वास, गावकीने अशी जवळजवळ बिनखर्चात निकालात काढली होती. या पद्धतीची दुसरी बाजूही विसरण्याजोगी नाही : खोली गावची म्हणजे बहुधा जातीचीही असे, तिच्यात बाईमाणसाला जागा नसे, आणि ज्याच्या गावची खोली मुंबईत नव्हती त्याला पोटभाडेकरू होण्यावाचून गत्यंतर नसे.

याच घडणीची, पण अधिक रेखीव नियमांची संस्था गोव्याच्या ख्रिस्ती समाजाने मुंबईत उभारली, तिला कूड म्हणतात. कूड या कोंकणी शब्दाचा अर्थ खोली. धोबी तलाव, माझगाव या भागांत गोव्यातील एकेका गावाच्या नावाने अशा कुडी निघाल्या आणि धोबी तलावच्या जेर महाल या इमारतीत आजही काही कुडी आहेत. जहाजावर काम करणारा तारवटी दोन सफरींच्या मधले दिवस येथे काढी, त्याची पेटी मात्र तो समुद्रावर असतानाही भिंतीकडेच्या रांगेत जागा राखून असे. गावाच्या संताची वेदी, संध्याकाळची सामाईक प्रार्थना, दाराची वेळ आणि निवडून दिलेला कारभारी यांच्या आधाराने थोडक्या वर्गणीत ही घरे चालली. घाटावरच्या खोलीत भजन, कुडीत तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. ठरावीक वेळी सगळ्यांना एकत्र बसवणारी ही रीत देवासाठी होती तशीच घराच्या कारभारासाठीही उपयोगी होती, कारण तंटा रोज संध्याकाळी तोंडासमोर बसणाऱ्या माणसांत फार काळ मुरत नाही.

खोलीत झोपण्याची सोय झाली तरी स्वयंपाकाची होत नसे, आणि तेथून खानावळीचा धंदा उभा राहिला. गिरणगावातील बाई आपल्या दहा-बारा हातांच्या खोलीतच दोन वेळच्या पाळीला जेवायला येणाऱ्या कामगारांची पाने मांडी, महिन्याचा हिशेब वहीत टिपून ठेवी आणि पगार झाला की पैसे घेई. म्हणजे धान्य, रॉकेल, मीठमिरची यांचे भांडवल महिनाभर तिचे अडकून राही आणि त्यासाठी तिला सावकाराचे भारी व्याज भरावे लागे. संपाच्या काळात पगार थांबला तरी जेवण थांबत नसे. १९७४ मधील ४२ दिवसांच्या गिरणी संपात या बायकांनी उधारीवर जेवणे चालू ठेवली, आणि तो ताण जवळून पाहिलेल्या गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिक व कामगार कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारणासाठी या बायकांकडे दागिना नव्हता की जागेची कागदपत्रे नव्हती. एकीने दुसरीची हमी घ्यायची, एवढाच आधार होता, आणि तो पुरला. सामाईक घराच्या इतिहासात ही खानावळ महत्त्वाची ठरते ती यासाठी की, चाळीतल्या एकट्या पुरुषाची रोजची ख्यालीखुशाली ठेवणारी, तो दोन दिवस जेवायला आला नाही तर चौकशी करणारी व्यक्ती बहुधा तीच असे.

मुंबईबाहेर पुण्यात या व्यवस्थेचे रूप वेगळे होते. तेथे वाड्याचा मालक स्वतः माडीवर किंवा दर्शनी खोल्यांत राही आणि चौकाभोवतीच्या खोल्या बिऱ्हाडांना देई. आड किंवा हौद सामाईक, अंगणातले सारवण पाळीचे, आणि मालकाच्या घरचे कार्य ते सगळ्या वाड्याचे. खेड्यांतून शिकायला आलेला गरीब मुलगा अशाच एखाद्या वाड्यात झोपण्यापुरती जागा मिळवी आणि आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवे. याला वार लावून जेवणे म्हणत. या मालकाशी भाडेकरूचे खटके उडत नसत असे मुळीच नाही, किंबहुना पाण्यावरून आणि रात्री उशिरा वाजणाऱ्या कडीवरून ते रोज उडत, परंतु नळ बिघडला तर मालकाच्या घागरीलाही पाणी नसे आणि म्हणून दुरुस्ती लांबत नसे. वार लावण्याची सोय मात्र जातीच्या चौकटीत अडकलेली असल्याने बहुजन समाजातील मुलांना ती मिळत नसे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढली, त्यांत १९०८ चे अस्पृश्य मुलांचे मिस क्लार्क बोर्डिंगही होते. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवली, तेथील मुले स्वतः दळत, रांधत आणि झाडत. नगर जिल्ह्यातील असंख्य खेडूत मुलांना पुढे रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-वसतिगृहांनी हेच वळण दिले.

सरकार घरमालक झाले तेव्हा काय घडले, हेही तपासण्यासारखे आहे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागातून प्लेग पसरला, चाळींची दाटी हे त्याचे एक कारण ठरले आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, जुन्या दाट वस्त्या पाडल्या आणि ज्या चाळी बांधल्या त्या बी.आय.टी. चाळी म्हणून ओळखल्या जातात. परळच्या अशाच चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब १९३४ पर्यंत सुमारे दोन दशके राहिले. पुढे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बी.डी.डी., हे खाते निघाले, ज्याने मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत आखला. प्रत्यक्षात वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. सिमेंट-काँक्रीटचे हे बांधकाम मजबूत होते, पण सुरुवातीच्या वर्षांत शहरात माणसांना जागा मिळत नसताना यांतील अनेक खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. भाडे कामगाराच्या पगाराला जड होते, वरळी गिरणीपासून आणि बाजारापासून लांब होती, आणि खिडकीऐवजी बसवलेल्या काँक्रीटच्या पट्ट्यांतून खोलीत धड उजेड येत नव्हता. १९३० च्या कायदेभंगात वरळीतील काही चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला, यावरून त्या किती मोकळ्या होत्या आणि त्यांत राहण्याजोगे वातावरण कितपत होते, हे दोन्ही ताडता येते. याच चाळी पुढील पिढीत भजनी मंडळे, व्यायामशाळा, गणेशोत्सव आणि चाळ कमिट्या यांनी गजबजून गेल्या. इमारत तीच राहिली, मात्र पाण्याच्या वेळा, गच्चीची किल्ली आणि वर्गणीची वही चाळकऱ्यांच्या हाती आली होती.

खाजगी चाळीचे दैव मात्र भाड्याच्या कायद्याने फिरवले. पहिल्या महायुद्धाच्या महागाईत मालक भाडी वाढवू लागले, त्यांना आवर घालण्यासाठी मुंबई सरकारने १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा व्यापक कायदा आला. या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, मानले आणि भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढता येणार नाही अशी तजवीज केली. लाखो कष्टकरी कुटुंबांचे संसार मुंबईच्या मधोमध टिकले ते या कायद्यामुळे, ही गोष्ट निर्विवाद आहे. पण तेच आकडे दशकानुदशके गोठून राहिल्याने, खोलीच्या भाड्यात एक पोते सिमेंटही येत नाही अशी स्थिती झाली आणि मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले. कायदेशीर भाड्यात न मावणारी किंमत पागडीच्या रूपाने आडवाटेने वाहू लागली. खोलीचा ताबा मिळवण्यासाठी द्यावी लागणारी मोठी ठोक रक्कम म्हणजे पागडी, जिचा काही हिस्सा मालकाला आणि बाकीचा सोडून जाणाऱ्या भाडेकरूला मिळे. पैसा हात बदलताना मिळत होता, घर सांभाळताना मिळत नव्हता. त्यामुळे जिन्याचा मोडका कठडा ना मालकाचा राहिला, ना भाडेकरूचा.

या फारकतीची भरपाई अखेर सरकारला करावी लागली. पडू लागलेल्या इमारतींसाठी १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला, इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवण्यात आला, आणि अशा सुमारे १९ हजार ६०० इमारतींना उपकरप्राप्त इमारती हे नाव पडले. हे मंडळ पुढे म्हाडाचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा, भाग झाले. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठचे अनेक वाडे कोसळले किंवा खिळखिळे झाले, आणि जुन्या भाड्यात ते पुन्हा उभारण्याची ताकद किंवा इच्छा किती मालकांत उरली असेल, याचा अंदाज करणे अवघड नाही. भाडे असे गोठवून ठेवणे वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या अखेरीस एका निकालात म्हटले, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीला वाट दिली, पागडीला कायद्याच्या चौकटीत आणले, भाड्याची पावती आणि लेखी नोंदणीकृत करार बंधनकारक केले. घर दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य असून, नोटीस देऊनही मालकाने ते केले नाही तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत खर्च वळता करून घ्यावा, ही तरतूदही त्यात आहे. भाडे आणि देखरेख एकमेकांना पुन्हा बांधण्याचा हा कायद्याचा प्रयत्न म्हणता येईल.

दरम्यान गिरणगावच विरून गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तो औपचारिकपणे कधी मिटलाच नाही, आणि गिरण्यांबरोबर खानावळींची पाने आणि गावकीच्या खोल्यांतल्या खुंट्याही कमी होत गेल्या. घाटावरच्या माणसाला आधार उरला तो माथाडीचा, म्हणजे डोक्यापाठीवर ओझे वाहणाऱ्या कामाचा, ज्याला अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ च्या कायद्याने संरक्षण मिळाले होते. बी.डी.डी. चाळींच्या जागी म्हाडा आता उंच इमारती बांधत असून तेथील कुटुंबांना ५०० चौरस फुटांची मालकीची घरे मिळत आहेत, आणि वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या देण्यात आल्या.

मिरजगावच्या बाजूने पाहता वाटेची दिशा बदलली आहे, गरज तीच आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी माणसांना गावाजवळ धरून ठेवले, पुढे कुकडीचे पाणी तालुक्याच्या काही भागात आले, तरी कर्जत, जामखेड, आष्टी, पाटोदा या सलग पट्ट्यातून ऊसतोडीला जाणारे कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, दर हंगामात कारखान्याच्या आवारात पाचटाच्या कोप्या उभारून राहतातच. कोपीला भाडे नसते आणि तिची जबाबदारीही कोणाची नसते. उचल देणारा मुकादम कामाचा हिशेब ठेवतो, पाण्याचा आणि संडासाचा ठेवत नाही. या कामगारांच्या मुलांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, यातून निदान मुलांच्या छपराला कोणीतरी धनी असावा हे मान्य झाले.

शिकलेली पिढी पुण्याची वाट धरते. चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांत कामाला लागलेली किंवा सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले-मुली कॉट बेसिसवर राहतात. या शब्दप्रयोगाचा अर्थ असा की भाडे खोलीचे नसून खोलीतल्या एका खाटेचे असते. करार बहुधा अकरा महिन्यांचा आणि लिव्ह अँड लायसन्स स्वरूपाचा, म्हणजे ताबा न देता राहण्याची केवळ परवानगी देणारा, कारण भाडेकरूचा हक्क निर्माण होईल ही १९४७ च्या कायद्याने बसवलेली धास्ती मालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. मूळ मालक, त्याच्याकडून सबंध मजला घेऊन खाटा लावणारा चालक आणि खाटेवरचा विद्यार्थी अशी जी साखळी येथे दिसते, ती चाळमालक, मूळ भाडेकरू आणि पोटभाडेकरू यांच्या साखळीचीच आजची आवृत्ती आहे, आणि मेस ही खानावळीची. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना भाडेकरार कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक अनामत घेऊ नये, अशी मर्यादा सुचवली आहे. नियम अनामतीला लावता येतो, खुशाली विचारण्याला लावता येत नाही.

अशा खाटांमध्ये पैसा गुंतवणाऱ्यांपुढे मुंबईच्या आणि पुण्याच्या या इतिहासाने काही हिशेब मांडून ठेवले आहेत. भाडे इतके कमी असू नये की त्यातून दुरुस्ती निघणार नाही, आणि इतके जास्त असू नये की खोली बी.डी.डी.सारखी रिकामी राहील; राहणाऱ्यांना आपले नियम आपण ठरवण्याइतकी मोकळीक असावी, पण ती मोकळीक गावाच्या वा जातीच्या नावाने दुसऱ्याला दार बंद करणारी नसावी; आणि थकलेल्या महिन्याचा निवाडा करणारा माणूस त्या महिन्याचे कारण जाणणारा असावा. गावकीने हे काम ओळखीच्या जोरावर केले, कुडीने नियमांच्या, खानावळवालीने वहीच्या आणि वाड्याच्या मालकाने स्वतःच्या रिकाम्या घागरीच्या. आज पुण्यातल्या एखाद्या खोलीत चार जिल्ह्यांतली चार मुले चार खाटांवर राहतात, त्यांच्यात गावची ओळख नसते आणि मालक त्यांनी करारावरच्या फोटोत पाहिलेला असतो. तरीही दारामागे झाडलोटीच्या पाळीचा कागद चिकटवलेला असतो आणि पिण्याच्या पाण्याच्या जारचे पैसे दर महिन्याला वर्गणी काढून भरले जातात. मिरजगाववरून जाणाऱ्या दिंडीत या वर्गणीला भिशी म्हणतात.